बुधवारचा गळ

दाजी, आधी सावली बघा.
आपली सावली पाण्यावर पडली
की काठचा मासा गाव सोडतो.
सूर्य तोंडावर घ्या. डोळे दिपतील, दिपू देत.

रीळ छान आहे. केवढ्याला?
नको, राहू द्या, सांगू नका.
आणि ती चकचकीत रबरी मासोळी पेटीतच ठेवा,
गंगापूरच्या पाण्याला तिची ओळख नाही अजून.
इथं गांडूळ चालतं, कणीक चालते,
शेंगदाण्याची पेंड चालते, खरपूस भाजून, चिमूटभर बेसन लावून.
वासानं आपल्यालाच भूक लागली पाहिजे,
असं ठमाबाई बेंडकोळी म्हणायची.
तिचा गळ सायकलच्या स्पोकचा होता,
तरंगा मोरपिसाच्या काडीचा,
आणि रिकाम्या हातानं तिला परतताना
सावरगावात कुणी पाहिलेलं नाही.
(पाहिलं असेल. सांगत नाहीत.)

सुरुवात चिलापीनं करा.
गुडघाभर पाणी, बारीक गळ, अर्धं गांडूळ.
तिला इथं कुणी बोलावलं नव्हतं,
आली, राहिली, आता अर्ध्या धरणाची मालकीण.
ज्याला काही येत नाही त्यालाही ती येते,
म्हणून तिच्यावर हुशारी मोजायची नाही.

कटला वर चरतो, त्याचं तोंडच आभाळाकडं.
रोहू मधल्या पाण्यात. तो खात नाही, चाखतो.
तरंगा दोनदा मान हलवेल, तुम्ही हलायचं नाही.
आडवा सरकायला लागला की मग झटका,
मनगटातून. खांद्यातून नव्हे.
मृगळ तळाशी, गाळात तोंड घालून.
एकाच पाण्यात राहून तिघं
तीन मजल्यांवर जेवायला बसतात.
तुमच्या कंपनीतलं कॅन्टीन तसंच होतं ना,
साहेब वर, परमनंट मध्ये—

आहे. तसंच आहे, म्हणायचं होतं मला.

शिंगाड्याला उगाच हात लावू नका.
पाठीवर एक काटा, दोन बाजूंना दोन,
आणि बाहेर काढलं की कुरकुरतो, ऐकू येईल असा.
काट्यांच्या मागून धरा. लागलाच,
तर दोन दिवस बोट ठणकेल,
आणि कशानं लागलं ते घरी सांगावं लागेल.

वाम रात्रीची. दगडांच्या सांदीत.
हाताला राख फासून बसावं लागतं तिच्यासाठी.
रात्रपाळीला या कधी.
म्हणजे, सहज म्हटलं.

मरळ मात्र सांगून येत नाही.
तिकडं, लव्हाळ्याच्या कडेला, बुडबुडा दिसला?
ती श्वास घ्यायला वर येते. पाण्यात राहून
पाण्यावर भागत नाही तिचं.
जिवंत बेडकी लावा. ती गपकन घेईल,
आणि इथंच सगळे चुकतात, लगेच ओढतात.
सैल सोडा दोर. घेऊन जाऊ द्या तिला तिच्या बिळापर्यंत.
वीस आकडे मोजा. मनात.
माझ्याकडं बघू नका, पाण्याकडं बघा.

...अठरा. एकोणीस.

आता!

दीड किलो. जास्तच, पाऊण किलोनं जास्त.
हात थरथरतायत तुमचे. थरथरू देत,
ठमाबाईचेही थरथरायचे.

दाजी, तुमची सुट्टी शनिवारची.
शनिवारी तुमच्या घरात मासा शिजत नाही,
म्हणून सात वर्षांत एकदाही आला नाहीत.
आज बुधवार.
डबा रंजूताईनं भरलाय, मेथीचा वास येतोय,
आणि सातपूरचा रस्ता गंगावऱ्यावरून जात नाही.

मी काही विचारलं नाही.
फक्त ही मरळ घरी नेऊ नका.
नेलीत तर तिच्यासोबत
आजचा वारही न्यावा लागेल.

माझ्या घरी शिजवू. कोथिंबीर आहे, लसूण आहे.
डबा आधी संपवा,
भरलेला परत गेला तर तिला कळेल.

उद्या आलात
तर गांडुळं मी खणून ठेवीन.
मोगऱ्याच्या आळ्यात, ओल धरून आहेत.
नाही आलात
तर बरंच आहे,
तर गांडुळं परत मातीत सोडीन.